अडचण जमिनीची असावी लागते

कोपऱ्याचा प्लॉट मिळाला म्हणून आम्ही तेव्हा पेढे वाटले होते. पुण्यात कोपऱ्याच्या प्लॉटची काय मिजास असते हे मी वेगळं सांगायला नको. दोन बाजूंना रस्ता, दोन बाजूंनी उजेड आणि वारा, भिंतीला भिंत लावून बसलेला शेजारी एकच. ओहायोतल्या या उपनगरात घर बघत फिरताना एजंट बाईंनी आतल्या रस्त्यांवरची बरी बरी घरं दाखवली, आणि नवरा प्रत्येक घराला नाक मुरडत राहिला. हे घर दिसल्याबरोबर तो गाडीतूनच म्हणाला, "हेच." एजंट बाईंनी समजावलं की कोपऱ्याला गवत जास्त कापावं लागतं, बर्फ दोन्हीकडच्या फुटपाथवरचा काढावा लागतो, इथे लोक शक्यतो कोपरा टाळतात. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. यांना जागेतलं काय कळतंय, असं ते हसू होतं.

त्यांना कळत होतं. आम्हालाच कळत नव्हतं. इथल्या नियमाप्रमाणे कोपऱ्यावरच्या घराला दोन पुढच्या बाजू असतात. जो रस्ता घराला लागून जातो, त्या रस्त्याकडची ती पुढची बाजू. आणि पुढच्या बाजूला स्विमिंग पूल बांधता येत नाही. मग उरतो तो खरा मागचा तुकडा, तर त्याच्या खालून अख्ख्या वस्तीच्या पावसाच्या पाण्याचा पाइप गेलेला, तिथे खोदायला बंदी. म्हणजे इतकी वर्षं आम्ही ज्याला कौतुकाने बॅकयार्ड म्हणत होतो, ते सरकारदरबारी अर्धं फ्रंट यार्ड होतं आणि अर्धी पाइपाची वाट होती. हे मला टाउनशिपच्या ऑफिसातल्या बाईंनी नकाशावर पेन्सिल फिरवत सांगितलं. फार गोड बोलत होत्या. इथे नाही म्हणणारे सगळे गोडच बोलतात, आणि मला आता त्या गोडपणाचा मनापासून राग येतो.

पूल आम्हाला हौसेसाठी नको होता. नवऱ्याला स्नायूंचा एक आजार झाला आहे. त्याचं नाव लांबलचक आहे आणि ते सांगून कोणाला काही उपयोग नाही. आधी पाय जातात, मग हात, हळूहळू. औषध नाही. डॉक्टर म्हणाले की याला जास्तीत जास्त दिवस चालता ठेवायचा असेल तर पाण्यात घाला. रोज, छातीइतक्या पाण्यात चालायचं. जमिनीवर पडायच्या भीतीने माणूस चालणं कमी करतो, आणि न वापरलेले स्नायू आणखी लवकर जातात. हॉस्पिटलच्या पूलमध्ये त्याचे सेशन्स सुरू झाले तेव्हा पहिल्या दिवशी मी काचेपलीकडे बसले होते. घरात भिंत धरून चालणारा माझा नवरा पाण्यात ताठ उभा राहिला. हात सोडून चालला. टोकाला जाऊन वळला आणि माझ्याकडे बघून त्याने भुवया उडवल्या. मला तिथेच रडू फुटलं.

मग इन्शुरन्सने मान्य केलेले सेशन्स संपले. गावात मोठं रिक्रिएशन सेंटर आहे, उत्तम पूल आहे, तिथे जायला काय झालं होतं, असं कोणीही विचारेल. झालं होतं ते असं की आमच्या महाराष्ट्र मंडळातली अर्धी कुटुंबं तिथे जातात, आणि नवऱ्याने आपला आजार मंडळात कोणालाही सांगितला नव्हता. गुडघा सांगितला होता. त्या गुडघ्याने फार काम केलं. बॅडमिंटन का सोडलं? गुडघा. नाटकाच्या तालमीला का येत नाही? गुडघा. काठी कशाला? गुडघाच. मग गुडघ्यावर उपाय सांगणाऱ्यांची रीघ लागली. कोणी तेल दिलं, कोणी आपल्या सर्जनचा नंबर दिला, एका काकूंनी मेथीचे लाडू पाठवले. हा सगळ्यांचे आभार मानायचा आणि लाडू खायचा.

रिक्रिएशन सेंटरला आम्ही एकदाच गेलो. कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी पोचलो तर आतून मंडळाच्या माजी अध्यक्षांचा गडगडाटी आवाज आला. नवरा तिथूनच मागे वळला, आणि घाईत वळला म्हणून पडला. धावत आलेल्या लाइफगार्डला त्याने सांगितलं की फरशी ओली होती. फरशी कोरडी ठणठणीत होती.

घरी आल्यावर मी म्हटलं, "अरे, सांगून टाक ना एकदाचं. आपलीच माणसं आहेत."

"आपली आहेत म्हणूनच नको. एकदा कळलं की संपलं. मग मी म्हणजे फक्त तो बिचारा."

"आणि पाय गेले तर? तेव्हा काय सांगणार आहेस?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

आमची मुलगी शिकागोला असते. तिला सगळं माहीत होतं. ती फोनवर म्हणाली, "आई, धिस इज सो स्टुपिड. जस्ट टेल पीपल." मी म्हटलं, बाबांना सांग. त्यावर तिने विषय बदलला.

म्हणून पूल घरीच बांधायचं ठरलं. त्यासाठी व्हेरियन्स मागायचा, म्हणजे नियमातून आपल्यापुरती सूट. ती देणारं एक बोर्ड असतं, गावातलीच माणसं त्यावर असतात, आणि ते सगळ्यांसमोर सुनावणी घेतं. अर्ज नवऱ्याने लिहिला. पूल कशासाठी हवा, तिथे त्याने लिहिलं: व्यायाम, आणि कुटुंबाच्या व मित्रपरिवाराच्या भेटीगाठी.

मी कपाळाला हात लावला. "भेटीगाठी कुठून आल्या?"

"नुसता व्यायाम लिहिला तर कोणीतरी विचारेल, कसला. गेट-टुगेदर लिहिलं की कोणी काही विचारत नाही. हे सगळं वेबसाइटवर जातं, यार. कोणीही उघडून वाचू शकतं."

ते खरं होतं. त्याच्या वागण्याला नेहमी असं एक खरं कारण असायचं, आणि त्यामुळेच त्याच्याशी बोलून काही उपयोग नसायचा.

काही दिवसांनी टाउनशिपचा माणूस येऊन आमच्या हिरवळीवर पाटी ठोकून गेला की या जागेसंबंधी सुनावणी आहे. घर कोपऱ्याचं म्हणून दोन्ही रस्त्यांवर एकेक. मागच्या वस्तीत राहणारी माझी मैत्रीण तिथून जाताना गाडी थांबवून आत आली. ही बाई मनाने सोनं आहे, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

"अगं, पूल बांधताय आणि बोलली नाहीस! हिअरिंगला आम्ही सगळे येतो."

"नको गं. छोटंसं काम आहे."

"छोटंबिटं काही नसतं. आमच्या डेकच्या वेळी आम्ही दोघंच गेलो, तर हिंग लावून विचारलं नाही कोणी. चार माणसं पाठीशी असली की फरक पडतो. थांब, मी ग्रुपवर टाकते."

तिने टाकलं. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला, 'वी आर देअर', 'पूल पार्टी!', काळा चष्मा लावलेला सूर्य. नवरा फोन हातात घेऊन नुसता बसून राहिला. नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागणार. शेवटी त्याने लिहिलं, 'यू गाइज आर द बेस्ट.' आमच्याकडे ही रीतच आहे. कोणाचं ऑपरेशन असो, कोणाचं नागरिकत्वाचं शपथ घेणं असो, कोणाच्या पोराची बुद्धिबळाची मॅच असो, सगळ्यांनी घोळक्याने जायचं. नातेवाईक सातासमुद्रापलीकडे, मग आपणच एकमेकांची गर्दी व्हायचं. इतकी वर्षं आम्ही त्यावर तगलो आहोत. त्यामुळे मला त्यांचा राग येत नाही. आला असता तर बरं झालं असतं.

सुनावणी टाउनशिपच्या इमारतीतल्या एका बेताच्या खोलीत होती. समोर लांब टेबलामागे बोर्डाची माणसं, मधोमध पांढऱ्या केसांच्या अध्यक्षबाई. आमच्याआधी कोणाच्या तरी कुंपणाच्या उंचीचं प्रकरण चाललं होतं. तो माणूस, त्याची बायको आणि आम्ही, एवढीच खोलीत माणसं. मग दार उघडलं आणि आमची मंडळी यायला लागली. नटूनथटून आली होती. बायका रेशमी कुर्त्यांत, पुरुष इस्त्रीच्या शर्टांत, माजी अध्यक्ष तर टाय लावून. पोरांनाही घेऊन आले, घरी कोणाजवळ ठेवणार! खुर्च्या संपल्या तशी माणसं भिंतीला टेकून उभी राहिली, मग दारात. लाडूवाल्या काकूंनी बोर्डासाठी घरच्या नानकटाईचा डबा आणला होता. तो टेबलावर ठेवू का, असं त्यांनी मला लांबून खुणेने विचारलं. मी नको म्हणून मान हलवेपर्यंत त्या ठेवूनही आल्या होत्या. तिथल्या क्लार्कने डबा उचलून अदबीने परत आणून दिला, आम्हाला काही घेता येत नाही म्हणून. काकू हिरमुसल्या.

आमचं प्रकरण पुकारलं. आधी विरोध करणाऱ्यांचं ऐकून घेतात. बाजूच्या रस्त्यापलीकडचे म्हातारे गृहस्थ उठले. यांच्याशी आमचा कित्येक वर्षांचा हात हलवण्याचा संबंध. ते म्हणाले की ही माणसं चांगली आहेत, दिवाळीला मला न चुकता मिठाई देतात. पण दिवाळीला माझ्या ड्राइव्हवेपर्यंत गाड्या लागतात. ते वर्षातून एकदा होतं म्हणून मी काही बोलत नाही. पूल झाला की ते दर शनिवारी होईल, आणि तो पूल माझ्या बैठकीच्या खिडकीसमोर असेल. मग त्यांनी मागे वळून त्या भरलेल्या खोलीकडे नुसता हात केला आणि ते खाली बसले. त्यांच्या बोलण्यात एक शब्द खोटा नव्हता.

अध्यक्षबाईंनी आमच्या अर्जातलं ते भेटीगाठींचं वाक्य मोठ्याने वाचलं, चष्म्यावरून मागे नजर टाकली आणि विचारलं, म्हणजे हे सगळे का? खोलीत हसू पसरलं. आमची माणसंही हसली. माजी अध्यक्ष मागून उत्साहाने म्हणाले, "येस मॅडम, वी आर ऑल वन फॅमिली!" त्यावर टाळ्या पडल्या. म्हाताऱ्या शेजाऱ्यांना आता काही सिद्ध करायचं उरलंच नव्हतं. आमच्याच माणसांनी येऊन ते सिद्ध करून दिलं होतं, प्रेमाने.

मग नवरा उभा राहिला, टेबलाची कड धरून. दोन पुढच्या बाजूंचं बोलला, पाइपाचं बोलला. अध्यक्षबाईंनी विचारलं, घर घेतलं तेव्हा ते कोपऱ्यावरच होतं ना? हो. पाइपही होता? हो. मग इतकी वर्षं चाललं, आता पूल एवढा गरजेचा का झाला?

तो थांबला. मी शेजारीच बसले होते. मला त्याचा पाय दिसत होता, पँटीच्या आत थडथडत होता. खरं उत्तर त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. पण पाठीमागे सगळी मंडळी, एकेक जण ओळखीचा, एकेकाने कधी ना कधी गुडघ्याची चौकशी केलेली.

"फॉर एक्झरसाइज," तो म्हणाला. "आय हॅव अ बॅड नी."

बोर्डावरचा एक माणूस म्हणाला की गावात एवढं छान रिक्रिएशन सेंटर आहे.

"इट्स टू क्राउडेड."

त्यावर बोर्डाची माणसंही हसली. आणि मी उठले.

नक्की कोणत्या शब्दांत सांगितलं ते मला आठवत नाही. आजाराचं नाव घेतलं. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. गुडघ्याला काही झालेलं नाही हे सांगितलं, तो रोज कुठे कुठे पडतो हे सांगितलं, पाण्यात मात्र तो हात सोडून चालतो हेही सांगितलं. मागे एक पोरगं काहीतरी बडबडत होतं, त्याला कोणीतरी गप्प केलं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं नाही. त्याने धरलेल्या टेबलाच्या कडेकडे तो बघत राहिला.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. फार वाईट वाटलं म्हणाल्या, आणि ते खरं असावं. मग त्यांनी मला समजावून सांगितलं. व्हेरियन्स माणसाला देत नाहीत, जमिनीला देतात. माणसं येतात आणि जातात, पूल तिथेच राहतो. म्हणून अडचण जमिनीची असावी लागते. तुमच्या नवऱ्याचा आजार ही जमिनीची अडचण नाही, तेव्हा आम्हाला ती विचारात घेता येत नाही, घ्यायची इच्छा असली तरी. त्यांनी मतं घेतली. सगळी विरोधात गेली.

म्हणजे मी बोलले काय आणि न बोलले काय, पूल मिळणारच नव्हता. हे मी पुष्कळदा उलटसुलट करून पाहिलं आहे. तरी मी हळहळत बसत नाही. तो तिथे उभा राहून गुडघा गुडघा करत हरला असता, ते मला बघवलं नसतं.

बाहेर पार्किंगमध्ये कोणी बोलेना. एरवी आमच्या मंडळींना निरोप घ्यायला अर्धा तास लागतो. मैत्रीण माझ्या गळ्यात पडून रडली, "सांगायचंस गं मला, सांगायचंस ना," एवढंच म्हणत राहिली. माजी अध्यक्षांनी पुढे होऊन नवऱ्याचा दंड धरला आणि ते त्याला गाडीपर्यंत घेऊन आले. त्याने दंड सोडवून घेतला नाही. गाडीत बसल्यावर मात्र तो समोर बघत म्हणाला, "आजपर्यंत मी नुसता पडत होतो. आज तू मला आजारी केलंस."

"आजारी तू आहेसच," मी म्हटलं.

"घरात होतो."

नंतर टाउनशिपच्या त्या गोड बोलणाऱ्या बाईंचा फोन आला. अपंगत्वाच्या कारणासाठी सवलत मागायचा वेगळा मार्ग असतो, डॉक्टरांचं पत्र जोडायचं, बोर्डापुढे जावंही लागत नाही. आधी का नाही सांगितलं, असं मी फणकाऱ्याने विचारलं. त्या म्हणाल्या, आधी तुम्ही सांगितलं नव्हतंत. मी सगळे कागद जमवले, आणि नवऱ्याने सही करायला साफ नकार दिला. "आता कशाला?" एवढंच त्याचं उत्तर; रिक्रिएशन सेंटरलाही तो जाईना. मुलगी शिकागोहून आली, भांडली, रडली, "बाबा, प्लीज, डू इट फॉर मी" म्हणाली. तो म्हणाला, "तुझ्यासाठी काय? पाण्यात तू उतरणार आहेस का?" ती गेली. हिवाळा आला, जमीन गोठली. बर्फ वितळल्यावर तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले की आता याला पाण्यात एकट्याने सोडायचं नाही, धरायला दोन माणसं लागतील. तेव्हापासून आमच्या घरात पूल हा शब्द कोणी काढत नाही.

मंडळाची माणसं येतात. त्यांनी आपापसांत पाळ्या लावून घेतल्या आहेत. डबे येतात, डॉक्टरकडे न्यायला गाडी येते, शुक्रवारी गप्पांना बैठक येते. माझी काहीच तक्रार नाही. पण नवरा हा मूळचा भांडकुदळ माणूस. क्रिकेट, निवडणुका, बटाटेवड्यात लसूण, कशावरही वाद घालायचा आणि समोरचा चिडला की याचा चेहरा खुलायचा. मंडळाच्या एका नाटकावरून त्याचं आणि माजी अध्यक्षांचं इतकं वाजलं होतं की दोघांनी अख्खा गणेशोत्सव एकमेकांशी अबोला धरला होता. आता तो काहीही बोलला तरी सगळे माना डोलावतात. हात चालत होते तोवर पत्त्यांत त्याने चुकीचं पान टाकलं तरी कोणाला दिसायचं नाही. एका शुक्रवारी तो मुद्दाम म्हणाला, आणि मुद्दाम हे मला त्याच्या आवाजावरून कळलं, की ते नाटक खरं तर मी लिहिलं होतं. ते माजी अध्यक्षांनी लिहिलेलं. जन्मात त्यांनी तेवढं एकच नाटक लिहिलं. ते म्हणाले, "हो, म्हणजे... तुझंच होतं ते, खरं बघितलं तर."

सगळे गेल्यावर नवरा मला म्हणाला, "बघितलंस?"

त्या दिवसापासून मी त्याच्याशी भांडते. रोज, जेवताना. मला नीट वाद घालता येत नाही, मी लगेच चिडते, पण कोणीतरी घालायला हवा. आमटीत गूळ जास्त की कमी, खिडकी उघडी की बंद, मुलीने नोकरी बदलावी की नाही. त्याचा आवाज चढायचा, मानेची शीर दिसायला लागायची, आणि तेवढा वेळ तो मला आहे तसा दिसायचा.

परवा मी हुकमाचा एक्का काढला. तो नागपूरचा. मी म्हटलं, तुमच्या नागपूरच्या वडाभातापेक्षा आमचा पुण्याचा मसालेभात केव्हाही सरस. हेच वाक्य मी लग्नानंतर पहिल्यांदा बोलले होते तेव्हा तो ताटावरून उठला होता. हात चालत नाहीत म्हणून हल्ली मीच त्याला भरवते. चमचा हातात धरून मी वाट बघत राहिले. त्याने माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, मी किती दमले आहे ते बघावं तसं. मग तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "बरोबर आहे तुझं," आणि पुढच्या घासासाठी त्याने तोंड उघडलं.